पासवर्ड आहे, पण कोणाच्या ताब्यात?

जुलैअखेर पीक विम्याची मुदत संपत येते, तेव्हा चिखली, मेहकर, मोताळा किंवा संग्रामपूरकडच्या कुठल्याही सेवा केंद्रात डोकावून पाहा. टेबलावर एक छोटा कॉम्प्युटर, शेजारी प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन, समोर बाकड्यावर ताटकळलेली माणसं. गावातल्या लोकांचे आधार, सातबारा, पासबुकांचे फोटो, पोरांचे स्कॉलरशिपचे फॉर्म असं सगळं त्या एका डब्यात साठलेलं असतं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयातही हेच चित्र दिसतं, फक्त तिथे गावाच्या निधीचा व्यवहारही त्याच मशीनवरून होतो. पासवर्ड बहुतेकांनी लावलेला असतो. पण तो नेमकं काय राखतो, याबद्दल जे समज पसरले आहेत, त्यातले बरेचसे चुकीचे आहेत आणि काही थेट नुकसानीचे.

आधी क्रम समजून घेऊ. बटण दाबलं की विंडोज लगेच सुरू होत नाही. आधी मदरबोर्डवरचा बायोस जागा होतो. नव्या मशीनमध्ये त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे, पण दुकानात सगळे त्याला बायोसच म्हणतात. मेमरी, कीबोर्ड, डिस्क तपासून झालं की कोणत्या डिस्कवरून सुरुवात करायची ते तो ठरवतो. मग विंडोज येतं आणि लॉगिन विचारतं. बायोसचा पासवर्ड, विंडोजचा पासवर्ड आणि डिस्कवरच्या माहितीचं एन्क्रिप्शन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक लावली म्हणून दुसरी आपोआप लागतेच असं नाही.

“विंडोजला पासवर्ड आहे, म्हणजे आतली माहिती सुरक्षित आहे.”

नाही. विंडोजचा पासवर्ड त्या विंडोजमध्ये शिरणाऱ्याला अडवतो, डिस्क उचलून नेणाऱ्याला नाही. एन्क्रिप्शन नसेल तर कॅबिनेटचे दोन स्क्रू काढून डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली की फोल्डर उघडे. ‘आधार’, ‘स्कॅन’, ‘डेस्कटॉप जुना’ अशा नावांचे सगळे फोल्डर कुठलाही पासवर्ड न विचारता दिसतात. डिस्क काढण्याचीही गरज नसते, पेनड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम सुरू केली तरी हेच होतं. केंद्रात चोरी झाली तर खरी हानी मशीनच्या किमतीची नसते.

यावर खरा उपाय एन्क्रिप्शनचाच. विंडोजच्या प्रो आवृत्तीत तो बिटलॉकर या नावाने मिळतो, होम आवृत्तीत मशीन योग्य असेल तर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने. त्यात डिस्कवरची माहितीच अशी बदलली जाते की किल्लीशिवाय ती कोणालाही वाचता येत नाही.

“एन्क्रिप्शनच्या भानगडीत आम्ही पडलोच नाही.”

तुम्ही पडला नसाल, पण मशीन पडलेलं असू शकतं. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने विंडोज टाकताना मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की योग्य मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप सुरू होतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. आता आपल्याकडे मशीन कसं विकत घेतलं जातं ते आठवा. खामगाव, मलकापूर किंवा अकोल्याच्या दुकानात लॅपटॉप घेतला. दुकानातल्या पोराने घाईत ‘सेटअप करून देतो’ म्हणत स्वतःच्या किंवा दुकानाच्या ईमेलने खातं उघडलं. ग्राहक खूश, मशीन चालू. दोन वर्षांनी बायोस अपडेट झाला किंवा मदरबोर्ड बदलला की निळ्या पडद्यावर ४८ अंक मागणारी चौकट येते. ते अंक पडलेले असतात दुकानातल्या पोराच्या खात्यात, आणि तोवर तो पोरगा पुण्याला नोकरीला गेलेला असतो.

ती की नसेल तर माहिती परत मिळत नाही. मायक्रोसॉफ्टकडेही तिचा दुसरा मार्ग नाही. मशीनच्या मालकाने ओळखून असावी अशी सगळ्यात मोठी जोखीम हीच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. चोरी एखाद्याच्या वाट्याला येते, दुरुस्ती प्रत्येकाच्या. म्हणून आज पाहून घ्या: सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ उघडा आणि तिथे कोणाचा ईमेल दिसतो ते वाचा. तो तुमचा नसेल तर आधी खातं बदला, मग रिकव्हरी कीचा नवा बॅकअप घ्या. ती कागदावर छापून घरच्या कागदपत्रांत ठेवा, त्याच कॉम्प्युटरवर सेव्ह करून उपयोग नाही.

“बायोसचा पासवर्ड विसरला तरी बिघडत नाही, सेल काढला की जातो.”

हा समज जुन्या डेस्कटॉपवरून आला आहे आणि तिथे तो बराचसा खराही होता. आयबीएमच्या १९८४ च्या पीसी एटीपासून सेटिंग्ज सेलवर जिवंत राहणाऱ्या सीमॉस मेमरीत ठेवण्याची पद्धत आली. सेल निघाला की मेमरी कोरी व्हायची, आणि पासवर्ड तिथेच असेल तर तोही जायचा. याचा एक अर्थ असा, की उघडता येणाऱ्या कॅबिनेटमध्ये हा पासवर्ड फार मोठा अडसर नाही. दुसरीकडे आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या चिपवर असतो आणि सेल काढून काही होत नाही. कंपनीकडे जावं लागतं, ती मालकीचा पुरावा मागते, आणि काही मॉडेलमध्ये मदरबोर्डच बदलावा लागतो. खरेदीचं बिल जपून ठेवायचं एक कारण हेही आहे.

मग बायोस पासवर्ड लावायचा की नाही? लावायचा, पण कोणता ते बघून. एक असतो ॲडमिनिस्ट्रेटर किंवा सुपरवायझर पासवर्ड, तो फक्त सेटिंग्जना हात लावू देत नाही. दुसरा यूजर किंवा पॉवर-ऑन पासवर्ड, तो दर वेळी मशीन सुरू होतानाच विचारतो. सेवा केंद्रातल्या मशीनला पहिला पुरेसा आहे. पिशवीतून फिरणाऱ्या लॅपटॉपला दोन्ही लावावेत आणि सोबत एन्क्रिप्शनही.

आत जाण्यासाठी बटण दाबल्याबरोबर एफ२ किंवा डिलीट टिचकत राहायचं. एचपीच्या मशीनला बहुतेक वेळा एफ१० लागतं. विंडोज इतकं झरझर येतं की हात पोचतच नाही, अशी तक्रार असेल तर शिफ्ट दाबून ‘रीस्टार्ट’ करा. पुढच्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, आणि तिथून ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’. आत गेल्यावर बूट ऑर्डरमध्ये आतली डिस्क पहिली ठेवा, यूएसबी आणि नेटवर्कवरून बूट होणं बंद करा, सिक्युअर बूट चालू ठेवा, आणि सगळ्यात शेवटी ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड टाका. यूएसबीवरून बूट बंद केल्याने पेनड्राइव्हवरची फाइल उघडणं थांबत नाही, ती भीती नको. मात्र बिटलॉकर चालू असेल तर बायोसला हात लावण्याआधी तो ‘सस्पेंड’ करा, नाहीतर तीच ४८ अंकांची चौकट समोर येईल.

“सिक्युअर बूट म्हणजे अँटिव्हायरस.” तो एवढंच पाहतो की सुरुवातीला चालणारा प्रोग्रॅम मान्यताप्राप्त सहीचा आहे का. विंडोज सुरू झाल्यावर तुम्ही कुठून काय उतरवून घेता, त्याच्याशी त्याचा संबंध नाही. फुकटात विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ करून देणारे प्रोग्रॅम अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तेव्हा सिक्युअर बूट काहीही करू शकत नाही.

“तारीख चुकली, म्हणजे व्हायरस शिरला.”

आपल्याकडे लाइट जाते आणि येते. अशा एखाद्या सकाळी काळ्या पडद्यावर ‘सीमॉस चेकसम एरर’ आणि खाली ‘एफ१ दाबा’ अशी ओळ येते. एफ१ दाबल्यावर विंडोज सुरू होतं, पण घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलेलं. ब्राउझर सरकारी पोर्टल उघडायला तयार नाही, ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ म्हणतो. डिजिटल सही चालत नाही. केंद्रचालक घाबरून फॉरमॅट मारायला निघतो. बहुधा झालेलं एवढंच असतं की मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा तीन व्होल्टचा बटण-सेल संपलेला असतो. वेबसाइटचं प्रमाणपत्र ठरावीक तारखांपुरतंच वैध असतं. मशीनची तारीख त्यात बसली नाही तर ब्राउझर ते नाकारतो, आणि ते बरोबरच आहे. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मात्र तो संपल्यावर बायोसच्या सेटिंग्जही मूळपदावर गेलेल्या असू शकतात, म्हणून बूट ऑर्डर आणि पासवर्ड पुन्हा तपासावा.

बायोसच्या त्याच मेनूत वीज परत आल्यावर मशीनने काय करायचं, याचाही पर्याय असतो: बंद राहायचं, सुरू व्हायचं की आधी होतं तसं करायचं. ज्या मशीनमध्ये लोकांची कागदपत्रं आहेत ते रात्री दोन वाजता लाइट आल्यावर रिकाम्या खोलीत आपोआप सुरू होण्यात काही फायदा नाही. ‘बंद’ हाच पर्याय ठेवा.

“पासवर्ड दर महिन्याला बदलायचा आणि त्यात चिन्हं घालायची.”

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेतून ही सवय जगभर गेली. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्यातल्या बऱ्याच सूचनांबद्दल जाहीर खंत व्यक्त केली, आणि संस्थेने त्याच वर्षी नियम बदलले: विनाकारण ठरावीक काळाने बदलायला लावू नका, लांबीवर भर द्या, फुटल्याचा संशय आला की मात्र लगेच बदला. कारण सक्ती केली की माणूस शेवटचा १ काढून २ लावतो. हिशेब करून पाहा. सगळी चिन्हं मिसळलेल्या आठ अक्षरांच्या पासवर्डपेक्षा फक्त लहान इंग्रजी अक्षरांच्या बारा अक्षरी पासवर्डच्या शक्यता पंधरा पटींहून जास्त होतात. अट एकच, तो सहज सुचणारा नसावा.

आपल्या जिल्ह्यात सहज सुचणारं काय आहे, ते सांगायला नको. गजानन, जिजाऊ, शेगाव, लोणार, गावाचं नाव, पोराचं नाव, आणि पुढे ॲट १२३. श्रद्धा मनापासूनची असते, पण अंदाज बांधणारा माणूसही याच मातीतला असला तर पहिल्या दहा प्रयत्नांत हीच नावं टाकतो. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा, जसे पळस, घागर, तिकीट, मेंढी. (हेच चार मात्र नको, ते आता छापून आले.)

सेवा केंद्रातली एक सवय मला फार खटकते. फॉर्म भरायला आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला एकाच साच्यातला पासवर्ड, म्हणजे त्याचं नाव आणि ठरलेले आकडे. गर्दीत सोयीचं पडतं, कबूल. पण एका पोराला स्वतःचा पासवर्ड कळला की वर्गातल्या सगळ्यांचा कळतो, आणि प्रवेशाच्या दिवसांत कोणी दुसऱ्याच्या फॉर्ममधला पसंतीक्रम बदलला तर दाद मागेपर्यंत फेरी संपलेली असते. पासवर्ड ज्याचा त्याने कीबोर्डवर स्वतः टाकावा. त्याला अर्धं मिनिट जास्त लागेल, लागू द्या.

“पिन चार आकडी, म्हणजे पासवर्डपेक्षा कच्चा.” विंडोजचा पिन त्या एकाच मशीनपुरता चालतो. मशीनमध्ये टीपीएम ही सुरक्षा चिप असेल तर ठरावीक चुकांनंतर ती पुढचे प्रयत्न अडवते. खात्याचा पासवर्ड मात्र जगातल्या कुठल्याही मशीनवरून चालतो. पिन सहा आकडी घ्या, जन्मतारीख टाळा.

“डिजिटल सहीचं टोकन ऑपरेटरकडे राहिलं तर काय बिघडलं, तो आपलाच माणूस आहे.”

इथे मात्र थांबून वाचा. २४ एप्रिल २०२० ला ई-ग्रामस्वराज पोर्टल सुरू झालं. वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायत जी देयकं देते, ती या पोर्टलवरून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या डिजिटल सहीने जातात. दोन वेगवेगळ्या माणसांच्या सह्या ठेवण्यामागे हेतू आहे की एकाने केलेलं दुसऱ्याने पाहावं. दोन्ही टोकन एकाच ड्रॉवरमध्ये आणि दोन्हींचे पिन एकाच वहीत असतील, तर ती तपासणी उरतच नाही. शिवाय अनेक टोकनचा मूळ पिन १२३४५६७८ असतो आणि तो बदललेलाच नसतो.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार आपल्या सहीची खाजगी किल्ली स्वतःच्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी घेणं हे सहीधारकाचं कर्तव्य आहे. दुसऱ्याची सही किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरल्यास कलम ६६-सी प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण चौकशी लागली की पहिला प्रश्न ज्याची सही आहे त्यालाच विचारला जाणार. पहिल्यांदा निवडून आलेल्या महिला सरपंचांना हे मुद्दाम सांगतो: ताई, टोकन तुमच्या पर्समध्ये ठेवा, पिन तुम्हीच टाका, आणि सही करण्याआधी रक्कम व नाव मोठ्याने वाचून घ्या.

“मशीन हळू सुरू होतं, रॅम वाढवा.” आधी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘स्टार्टअप’ची यादी पाहा. नको ते बंद करा, अँटिव्हायरस राहू द्या. एनीडेस्कसारखं दुरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर मेकॅनिकने कधीकाळी टाकून कायमचा पासवर्ड ठेवला असेल, तर तो आजही आत येऊ शकतो. गरज नसेल तर ते काढूनच टाका. आणि अपडेटनंतर ‘शट डाऊन’ नाही, ‘रीस्टार्ट’ करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊनमध्ये विंडोज पूर्ण बंद होत नाही, त्याचा गाभा डिस्कवर साठवून पुन्हा उचलला जातो.

यातलं काहीच महाग नाही. येत्या रविवारी केंद्र बंद असताना तासभर काढा: खातं कोणाच्या ईमेलवर आहे ते पाहा, रिकव्हरी की छापा, बूट ऑर्डर तपासा, टोकनचे पिन बदला. आणि पैसे गेल्याचं लक्षात आलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता येते, पण तक्रार लवकर पोचली तरच.