रिजेक्ट? मग पुढचं पान उलटा!

‘काम छान आहे, पण आम्हाला थोडं वेगळं हवंय.’ कुठल्याही फ्रीलान्स इलस्ट्रेटरला विचारा, हे वाक्य त्याला तोंडपाठ असतं. कॉलेज रोडच्या कॅफेत बसून पोर्टफोलिओ चाळणारा असो, की गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये रात्री दोन वाजता सहावं करेक्शन करणारी असो, हा मेल कधी ना कधी येतोच. नोकरीत बॉस कितीही बोलला तरी पगार होतो. फ्रीलान्सरचं चित्र परत आलं की महिन्याचं गणितच कोलमडतं. त्याहून वाईट म्हणजे, नाकारलंय ते चित्र नाही, आपल्यालाच, असं वाटायला लागतं.

असं वाटलं की मारिओ मिरांडा यांची गोष्ट आठवावी. गोव्याच्या ट्रिपहून येताना तुम्ही त्यांच्या चित्रांचा मग किंवा टाइल नक्की उचलली असेल. मोठाले डोळे, गच्च गर्दी आणि गर्दीतल्या प्रत्येकाचं काहीतरी वेगळंच चाललेलं. पण या खुसखुशीत चित्रांच्या मालकालाही सुरुवातीला ‘नाही’ ऐकावं लागलं होतं.

भिंतीवरून वहीत

२ मे १९२६ रोजी दमणला जन्मलेल्या मारिओंचं घर गोव्यातल्या लोटली गावचं. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रं काढायचे. आईने वैतागून शेवटी हातात एक कोरी वही दिली आणि तीच त्यांची खरी शाळा ठरली! गावातली लग्नं, मिरवणुका, शेजारीपाजारी, सगळे त्या वहीत यायला लागले. शाळेत पाद्रींची चित्रं काढली म्हणून बोलणीही खाल्ली. पुढे ही सवय चित्रमय डायरी बनली. त्यांच्या १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या डायऱ्या नंतर पुस्तकरूपाने आल्या.

गंमत म्हणजे त्यांच्याकडे चित्रकलेची डिग्री नव्हती. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून त्यांनी इतिहासात बीए केलं. मग घरच्यांच्या इच्छेखातर आर्किटेक्चरला गेले, पण तिथे मन रमलं नाही. मित्रांसाठी पोस्टकार्डांवर चित्रं काढून ते चार पैसे मिळवायचे. आजच्या भाषेत सांगायचं तर, हे त्यांचे पहिले क्लायंट्स!

तेच दार, दुसऱ्यांदा

जाहिरातीच्या स्टुडिओत चार वर्षं काम केल्यावर मारिओंनी पूर्णवेळ व्यंगचित्रांची वाट धरली. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने त्यांना आधी नकार दिला होता. पण ‘इलस्ट्रेटेड वीकली’त काही चित्रं छापून आली, ‘करंट’मध्ये काम मिळालं आणि साधारण वर्षभराने त्याच ‘टाइम्स’मधून बोलावणं आलं.

आर. के. लक्ष्मण यांचंही तसंच. जे. जे. स्कूल ऑफ आर्टने त्यांना प्रवेश नाकारला होता. पुढे त्यांच्या ‘कॉमन मॅन’ने पाच दशकं देशाला हसवलं. नाकारले गेलेले हे दोघं नंतर ‘टाइम्स’मध्ये सहकारी होते!

मारिओ तिथेही चिकटून बसले नाहीत. गुलबेंकियन फाउंडेशनची स्कॉलरशिप मिळाल्यावर ते वर्षभर पोर्तुगालला गेले आणि तिथून लंडनला. तिथे मिळतील ती कामं केली, टीव्ही अ‍ॅनिमेशनसुद्धा. ब्रिटिश चित्रकार रोनाल्ड सर्ल यांना ते गुरू मानायचे. पण परतल्यावर कागदावर उतरली ती मुंबई आणि गोवाच.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. मारिओंच्या पाठीशी लोटलीचा वडिलोपार्जित वाडा होता. श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ (१९८५) तिथेच चित्रित झाला. असा आधार सगळ्यांकडे नसतो. तुमच्या डोक्यावर फ्लॅटचा हप्ता असेल, तर नोकरी सांभाळून सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही. स्टुडिओतली ती चार वर्षं त्यांनीही काढलीच की!

इन्स्पिरेशन? शेजारच्या टेबलावर!

मारिओंची पात्रं आठवा. बॉस, कारकून गोडबोले, सेक्रेटरी मिस फोन्सेका, पुढारी बंडलदास, फिल्मस्टार मिस निंबूपानी. हे सगळे आपल्याला ऑफिसात, लिफ्टमध्ये, टीव्हीवर रोज भेटतात. कुलाब्याच्या कॅफे मोंदेगारच्या भिंतींवर त्यांनी रंगवलेली माणसं बघा, समोर बसलेलं गिऱ्हाईकच भिंतीवर चढलंय असं वाटतं.

मग आपल्या नाशिकमध्ये काय कमी आहे? गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार, मेन रोडची गर्दी, रविवार सकाळची मिसळ, रंगपंचमीची रहाड आणि पंचवटी एक्स्प्रेसमधले पत्ते कुटणारे पासधारक. त्या डब्यात महिनाभर स्केचबुक घेऊन बसलात तर एक अख्खं पुस्तक होईल!

नकार पचवायचे फंडे

• कारण विचारा. नकार स्टाइलमुळे, बजेटमुळे की वेळेमुळे, हे कळलं तर पुढचं काम सोपं होतं. उत्तर आलं नाही, तर विषय तिथेच सोडा.

• रोज एक पान. क्लायंट असो वा नसो, वही चालू ठेवा. हात गंजला नाही की मनही लवकर सावरतं.

• आधी अ‍ॅडव्हान्स, मग पेन्सिल. किती करेक्शन्स करून देणार, हेही मेलवर लिहून घ्या. नकाराचं दुःख फुकटच्या मेहनतीमुळे दुप्पट होतं.

• एकाच क्लायंटवर विसंबू नका. मासिकं, पुस्तकं, लग्नपत्रिका, कॅफेच्या भिंती, सगळीकडे विचारून बघा.

• परत आलेली चित्रं फाडू नका. एका फोल्डरमध्ये ठेवा आणि सहा महिन्यांनी उघडा. काही खरंच कच्ची वाटतील, काहींना फक्त दुसरं दार हवं असेल.

११ डिसेंबर २०११ रोजी मारिओ गेले. १९८८ मध्ये पद्मश्री आणि २००२ मध्ये पद्मभूषण मिळाला होता. २०१२ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. वीसहून जास्त देशांत त्यांच्या चित्रांची प्रदर्शनं झाली. पण या सगळ्याच्या आधी होती ती कुणीही न मागवलेली, रोजच्या रोज भरत गेलेली डायरी. ती बघून कुणी ‘थोडं वेगळं हवंय’ म्हणणार नव्हतं.

मग काय, आज घरी जाताना एक कोरी वही घेताय ना?