केनाईवर केव्हा जावे?
अलास्कातील केनाई नदीवरच्या सहलीची तारीख ठरवतो तो मासा. लाल सामन दोन खेपांत येतो: पहिली खेप जूनच्या मध्याला, मुख्यतः उपनदी रशियन रिव्हरकडे; दुसरी आणि मोठी खेप जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. तेव्हा काठावर खांद्याला खांदा लागतो, म्हणून गाइड काही महिने आधीच ठरवलेला बरा. ऑगस्ट-सप्टेंबर कोहो सामनचे. गुलाबी सामन सम वर्षीच भरपूर. १९८५ साली ४४ किलोचा विक्रमी किंग सामन इथेच गळाला लागला. आता ही जात रोडावली असून तिच्या मासेमारीवर वारंवार बंदी येते.

रेनबो ट्राउट वसंतात अंडी घालतो, त्यामुळे वरच्या पात्रात मेच्या आरंभापासून १० जूनपर्यंत मासेमारी बंद असते. त्याचा खरा हंगाम उन्हाळ्याच्या शेवटी. सामनची अंडी प्रवाहात वाहू लागतात, ती खाऊन ट्राउट गलेलठ्ठ होतो; गाइड गळाजवळ त्याच रंगाचा प्लॅस्टिकचा मणी अडकवतात. वरच्या पात्रात इंजिनाला मनाई असल्याने नाव वल्ह्यांनीच हाकतात. परवाना आवश्यक, नियम ऐन हंगामातही बदलतात.