जाळी किती वाटली, मासळी किती वाचली?

ट्रॉलरचं जाळं ओढलं की शेपटाकडचे शंकरपाळ्यासारखे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, ताणून मिटतात, पिल्लंही अडकतात. ४० मिलिमीटरचा चौकोनी आस उघडाच राहतो, पिल्लं निसटतात. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम (यूएनडीपी) आणि जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) यांच्या सिंधुदुर्ग प्रकल्पाने हीच जाळी पुढे आणली. अशा प्रकल्पाचा पैसा अनुदानाचा असो वा जागतिक बँकेच्या कर्जाचा, यश ठरवताना मोजायचं काय? वाटलेली जाळी मोजणं सोपं, पावत्या असतात. वाचलेल्या मासळीसाठी प्रकल्पाआधीची नोंद हवी, जुन्या जाळ्यांच्या बोटींशी तुलनाही हवी. एखाद्या हंगामात म्हाकूल भरपूर मिळालं, तर श्रेय जाळ्याचं की समुद्राचं? म्हणूनच जीईएफ मोठ्या प्रकल्पांना मध्यावधी आणि अंतिम मूल्यमापन करायला लावतं. माझ्या मते तेवढ्याने भागत नाही. निधी संपल्यावर काही वर्षांनी मालवण बंदरात जाऊन, मच्छीमार पदरच्या पैशाने कुठल्या आसाचं जाळं विकत घेतो, तेही नोंदवायला हवं.