कवकजन्य धातुकण
कवकांनी (बुरशींनी) स्रवलेल्या एंझाइमांच्या साहाय्याने धातूंच्या लवणांपासून तयार होणारे अतिसूक्ष्म कण. त्यांचा व्यास १ ते १०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग) असतो. रासायनिक पद्धतींत पुष्कळदा विषारी क्षपणकारके वापरावी लागतात. कवकांच्या साहाय्याने हे कार्य पाण्यात व सामान्य तापमानास होते.

पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००१ मध्ये व्हर्टिसिलियम कवकाद्वारे चांदीचे कण मिळविले. परंतु ते कोशिकांमध्येच साठत असल्याने वेगळे करणे अवघड होते. २००३ मध्ये त्यांनी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम हे कवक वापरले. त्याची एंझाइमे कोशिकेबाहेर स्रवतात व त्यांच्यामुळे विद्रावातील चांदीच्या आयनांचे क्षपण होते, असे मानले जाते. अशा रीतीने ५ ते १५ नॅनोमीटर व्यासाचे कण विद्रावातच मिळाले. कवकाने स्रवलेल्या प्रथिनांमुळे ते एकमेकांस चिकटत नाहीत.

हे कण जंतुनाशक असल्याने सुती कापडावरील संस्करणासाठी त्यांचे प्रयोग झाले आहेत. मात्र याच कवकाचे काही प्रकार हरभरा व केळी या पिकांवर मर रोग पाडतात. शिवाय चांदी उपयुक्त सूक्ष्मजंतूंनाही मारक असते. त्यामुळे जिवंत कवक पूर्णपणे काढून टाकणे व सांडपाणी निर्धोक करणे अगत्याचे ठरते.