पद्मिनीची थोरली बहीण

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात चित्रे आणि शिल्पे यांच्या पंगतीला एक लहानशी लाल मोटार आहे. दोन दारे, दोनच माणसांची जागा, मागे अलगद उतरत गेलेली पाठ. नाव सिसिटालिया २०२. १९५१ साली तिथे भरलेल्या आठ मोटारींच्या प्रदर्शनात ती होती, आणि १९७२ मध्ये ती कायमची तिथे दाखल झाली. बीड जिल्ह्यातल्या वाचकाने तिचे कौतुक का ऐकावे? कारण तिच्या बॉनेटखालचे इंजिन त्याच्या ओळखीचे आहे. तालुक्याच्या डॉक्टरांच्या नाहीतर वकिलांच्या दारात जी प्रीमियर पद्मिनी दिमाखात उभी असायची, तिचे इंजिन त्याच घराण्यातले.

या घराण्याचा मूळ पुरुष १९३७ चा. फियाटच्या दान्ते जाकोसा या अभियंत्याने १०८९ सी.सी.चे चार सिलिंडरचे इंजिन आखले. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५. ताकद अवघी ३२ अश्वशक्ती. युद्ध संपल्यावर तुरीनच्या पिएरो दुसिओ या उद्योगपतीला (गडी पूर्वी युव्हेंटसकडून फुटबॉल खेळलेला) शर्यतीच्या गाड्या बांधायची हौस आली. पैसा बेताचा आणि माल मिळेना, म्हणून त्याने हेच बाजारात मिळणारे फियाट इंजिन घेतले, त्याची ताकद वाढवली आणि पोलादी नळ्यांच्या हलक्या सांगाड्यात बसवले.

१९४७ ची मिल्ले मिलिया शर्यत म्हणजे इटलीच्या साध्या रस्त्यांवरून अठराशेवर किलोमीटरची दौड. सिसिटालियाच्या उघड्या गाडीत बसला होता ताझिओ नुवोलारी, वय ५४, फुप्फुसे अधू झालेली. समोर जवळजवळ तिप्पट मोठ्या इंजिनाची अल्फा रोमिओ. तरीही म्हातारा पुढे होता! मग पाऊस कोसळला, इंजिनाच्या ठिणगीच्या यंत्रणेत पाणी शिरले, गाडी बंद पडली. ती पुन्हा सुरू करून त्याने दुसरा क्रमांक मिळवला. तिसरी आणि चौथी गाडीही सिसिटालियाच होती. त्याच साली पिनिन फारिनाने २०२ ला बंद कूपेचे रूप दिले. अॅल्युमिनियमचा पत्रा तांबटासारखा हाताने ठोकून घडवलेल्या या गाड्या सुमारे १७० निघाल्या. पुढे ग्रां प्रीच्या महागड्या गाडीपायी दुसिओचे दिवाळे वाजले, ती कथा वेगळी.

आपल्याकडे हे इंजिन आले ते सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर कंपनीमार्फत. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनू लागली. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर या फियाट शर्यतीत पळाल्या. १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी झाले. व्यास ६८, धाव ७५, माप तेच राहिले.

शर्यत आपल्या वाट्याला आली ती धारूरच्या घाटात. भर उन्हाळ्यात पाच माणसे, टपावर बोजा आणि चढ. पाणी उकळायचे, गॅस्केट उडायचे, अॅल्युमिनियमचे हेड वाकायचे. मग हेड फेसिंग करून घ्या, सिलिंडरला बोअर मारा, मोठ्या मापाचे पिस्टन घाला. सिसिटालियाच्या जीर्णोद्धारात इंजिनाच्या पोटातले काम याच जातीचे असते. तिकडे ती गाडी काही लाख डॉलरला जाते. इकडे हे काम जाणणारे हात साठीपुढे गेले आहेत आणि त्यांच्या शागिर्दांना कार्बोरेटर माहीत नाही. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली तेव्हा बातम्या झाल्या. गावोगावच्या पद्मिनी मात्र गाजावाजा न होता किलोच्या भावाने गेल्या.

आता २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ रूपातली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षे. रोजच्या वापराला ती काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल यांसाठीच. म्हणजे पहिल्या पद्मिनी पात्र झाल्या. पेट्रोल परवडेना म्हणून ज्यांनी डिझेलचे इंजिन बसवले, त्यांची पंचाईत आहे. मूळ इंजिन शोधत ते भंगारवाल्याकडे जातात, आणि वजनावर घेतलेल्या त्या लोखंडाचा भाव भंगारवाला आता गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून सांगतो.