गोधडी, भिंत, गोणपाट आणि ओवी

आज हप्ता, व्याज, बँकेची फेरी यांतलं काहीच बोलायचं नाही. आज काही बायांची ओळख करून द्यायची आहे. त्यातली एक आपल्या खानदेशातली, काही बिहारमधल्या आणि बाकीच्या पार सातासमुद्रापलीकडच्या. या सगळ्यांना जग आज कलावंत म्हणून ओळखतं. पण त्या हे काम करत होत्या तेव्हा शेजारीपाजारी काय म्हणायचे? "बाई आपली गोधडी शिवतेय." "भिंत रंगवतेय." "गुणगुणतेय." एवढंच.

मग त्या जगाला सापडल्या कशा? आज तेच बघायचं आहे.

सुरुवात ओळखीच्या बाईपासून करू. बहिणाबाई चौधरी आपण शाळेच्या पुस्तकात वाचल्या. जळगावजवळच्या असोद्याला 1880 मध्ये त्यांचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लग्न, ऐन तिशीत वैधव्य, पदरात तीन लेकरं आणि शेतीचं काम. लिहिता-वाचता येत नव्हतं. दळताना, शेतात राबताना गाणं सुचायचं आणि ते त्या आपल्या बोलीत म्हणायच्या. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती गाणी ऐकून ऐकून वहीत उतरवली. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्र्यांनी ती वाचली आणि हे छापलंच पाहिजे म्हणून आग्रह धरला. 1952 मध्ये पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

आता जरा उलटा विचार करा. ती वही नसती तर? बहिणाबाई तेवढ्याच मोठ्या कवयित्री असत्या, पण आपल्याला त्यांचं नावही माहीत नसतं. वहीत जेवढं आलं तेवढं राहिलं, बाकीचं वाऱ्यावर गेलं.

आता बिहारच्या मिथिला भागात जाऊ. मधुबनीची चित्रं तुम्ही पिशव्यांवर, ओढण्यांवर पाहिली असतील. मासे, मोर, कमळ, मोठ्या डोळ्यांच्या बायका. ही चित्रं मुळात घरातल्या भिंतींवरची. लग्न ठरलं की घरातल्या बाया नवरा-नवरीच्या खोलीची भिंत सारवून तिच्यावर चित्र काढायच्या. त्या चित्राला 'कोहबर' म्हणतात. ही खोली घराच्या आतली, त्यामुळे परक्या माणसाच्या नजरेला ती कधी पडायची नाही. 1934 मध्ये बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, घरं कोसळली. नुकसान पाहायला आलेल्या आर्चर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला पडक्या भिंतींवर ही चित्रं दिसली. त्याने फोटो काढले, पुढे त्यावर लेख लिहिला.

तरी त्या बायांच्या हातात काही पडलं नाही. ते पडलं 1966-67 च्या दुष्काळानंतर. लोकांना काही काम मिळावं म्हणून हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईचा एक चित्रकार मधुबनीला पाठवला. तो आपला मराठी माणूस, भास्कर कुलकर्णी. त्यांनी गावोगाव फिरून बायांना कागद आणि रंग दिले आणि सांगितलं, भिंतीवर काढता तेच यावर काढा, आम्ही विकत घेऊ. भिंतीवरचं चित्र पावसाळ्यात पुसतं, कागदावरचं दिल्लीला जातं. याच भास्कर कुलकर्णींनी पुढे आपल्या डहाणू भागात वारली चित्रं काढणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांनाही कागद दिला.

मधुबनीच्या जगदंबा देवींना 1975 मध्ये पद्मश्री मिळाली, सीता देवींना 1981 मध्ये, गंगा देवींना 1984 मध्ये. यातल्या गंगा देवींबद्दल थोडं सांगते. मूलबाळ नाही म्हणून नवऱ्याने दुसरी बायको केली. हातात काही उरलं नाही. उरलं ते चित्र. काळ्या-लाल बारीक रेघांनी त्या असं काही काढायच्या की बघत राहावं. 1985 मध्ये त्यांना अमेरिकेला नेलं. तिथून आल्यावर त्यांनी अमेरिका काढली, जत्रेतल्या पाळण्यासारखी उंच फिरणारी गाडी, तिथल्या बाया-माणसं, सगळं मिथिलेच्या पद्धतीने. पुढे कॅन्सर झाला, तर दवाखाना, खाट, डॉक्टर, सुई हेही त्यांनी चित्रात आणलं. म्हणजे देवादिकांची चित्रं काढणारा हात स्वतःचं दुखणंही सांगू लागला.

सुरुवातीला या कामात पुढे आल्या त्या ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या बाया. दलित समाजातल्या बायांच्या वाट्याला देवादिकांची ती चित्रं नव्हती. मग चानो देवी आणि त्यांच्यासारख्या बायांनी काय केलं? अंगावर जे गोंदण असतं, त्याचीच नक्षी कागदावर उतरवली. आज ती मधुबनीतली एक वेगळी शैली मानली जाते. आपल्या आजीच्या हातावरचं गोंदण आठवा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

आता अमेरिकेत जाऊ, पण उंच इमारतींच्या शहरात नाही. दक्षिणेला अलाबामा नावाचं राज्य आहे. तिथे नदीने तीन बाजूंनी वेढलेलं जीज बेंड नावाचं गाव आहे. इथले लोक काळे. त्यांचे पूर्वज कापसाच्या मळ्यावर गुलाम होते. मळ्याच्या मालकाचं आडनाव पेटवे, म्हणून आजही गावात बहुतेकांचं आडनाव पेटवेच. गुलामी संपली तरी गरिबी संपली नाही. लाकडी खोपटात थंडीचा वारा शिरायचा. पांघरूण विकत आणायला पैसे नाहीत. मग बाया काय करायच्या? जे आपण करतो तेच. जुनेर फाडायचं, ठिगळ जोडायचं, थरावर थर ठेवून दोरा घालायचा. आपण त्याला गोधडी म्हणतो, कुणी वाकळ म्हणतं, त्या क्विल्ट म्हणतात.

त्या गावातल्या मिसुरी पेटवे या बाईचा नवरा वारला. 1942 ची गोष्ट. तिने त्याचे शेतातले कामाचे कपडे घेतले, गुडघ्याला झिजलेल्या पँटी, विटलेले सदरे, आणि त्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण अंगावर घेऊन झोपता यावं म्हणून. ही गोधडी पुढे मोठ्या संग्रहालयांत लागली. वडिलांच्या धोतराची किंवा आजीच्या लुगड्याची गोधडी ज्यांच्या घरात आहे, त्यांना ती समजायला कुणा पंडिताची गरज नाही.

1965 च्या सुमारास तिथे काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्काची चळवळ चालली होती. मार्टिन ल्यूथर किंग जीज बेंडला येऊन गेले. मतदार यादीत नाव घालायला गेलं की मालक जमिनीवरून काढायचा, कामावरून काढायचा. अशा वेळी 1966 मध्ये त्या भागातल्या बायांनी गोधड्या शिवून विकणारी एक सहकारी संस्था काढली. नाव ठेवलं 'फ्रीडम क्विल्टिंग बी', म्हणजे स्वातंत्र्याचा गोधडी गट म्हणा ना. आपल्या बचत गटासारखाच तो. एकत्र बसायचं, शिवायचं, विकायचं, पैसे वाटून घ्यायचे. बऱ्याच जणींच्या हातात स्वतःच्या कमाईचा पैसा आला.

2002 मध्ये जीज बेंडच्या गोधड्यांचं मोठं प्रदर्शन ह्यूस्टनला भरलं, मग न्यूयॉर्कला गेलं. लोक म्हणाले, ही तर मोठ्या चित्रकारांच्या तोडीची कला आहे. 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने या गोधड्यांची तिकिटं काढली. पण गोष्ट इथे संपत नाही. नाव झालं, मग पैसा कुणाला किती आणि नक्षीचा हक्क कुणाचा, यावरून 2007 मध्ये काही बाया कोर्टात गेल्या. पुढे ते प्रकरण आपसात मिटलं. आपण यातून एवढं घ्यायचं की कौतुक आणि मोबदला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कौतुक झालं म्हणजे मोबदला मिळालाच असं नाही, तो बोलून आणि लिहून ठरवावा लागतो.

आता दक्षिण अमेरिकेतला चिली देश. तिथे व्हियोलेता पार्रा नावाची गायिका होऊन गेली. 1917 चा तिचा जन्म. खेड्यापाड्यांत फिरून म्हाताऱ्या माणसांकडून ती जुनी गाणी गोळा करायची. आधी वहीत, मग टेपवर. त्या गाण्यांतून शिकून तिने स्वतःची गाणी केली, आणि ती आज अर्ध्या जगात गायली जातात. एकदा आजारपणात ती अंथरुणाला खिळली. हाताला काम हवं म्हणून तिने गोणपाट घेतलं आणि त्यावर लोकरीच्या दोऱ्याने चित्रं भरली. गोणपाटाला त्यांच्या भाषेत 'आर्पियेरा' म्हणतात. 1964 मध्ये पॅरिसच्या लूव्र इमारतीतल्या संग्रहालयात तिच्या या कामाचं प्रदर्शन भरलं. 1967 मध्ये ती वारली.

त्यानंतर सहा वर्षांनी, 1973 मध्ये, चिलीत लष्कराने सत्ता घेतली. रात्री-अपरात्री माणसं उचलून नेली जायची आणि परत यायची नाहीत. सान्तियागो शहरात अशा घरांतल्या बाया चर्चच्या आश्रयाला जमू लागल्या. नवरा नाही, मुलगा नाही, घरात दाणा नाही. त्यांनी गोणपाट घेतलं, चिंध्या घेतल्या आणि चित्रं शिवली. कधी कधी हरवलेल्या माणसाच्याच सदऱ्याचा तुकडा. चित्रात मागे डोंगर, वर सूर्य, पुढे वस्तीतली घरं, सगळ्यांची मिळून एकच चूल, आणि दारात उभी असलेली पोलिसांची गाडी. वर्तमानपत्रं जे छापू शकत नव्हती ते या बायांनी शिवलं. चर्चमार्फत ही चित्रं परदेशात विकली गेली. घरात चूल पेटली आणि चिलीत काय चाललंय ते जगाला कळलं. या चित्रांवर बाया बहुतेकदा नाव घालत नसत. नाव घातलं तर जिवाला धोका. त्यामुळे त्यातल्या कितीतरी जणी आज ओळखता येत नाहीत.

मैत्रिणींनो, या सगळ्या गोष्टींत एक धागा आहे. यातली एकही कला चित्रशाळेत किंवा गाण्याच्या क्लासात सुरू झाली नाही. जातं, भिंत, अंथरूण, गोणपाट. जे घरात होतं त्यातूनच ती आली. आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी नोंद ठेवली तेव्हाच ती टिकली. वही असो, कागद असो, टेप असो.

आपल्याकडेही असं एक मोठं काम झालंय. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी 1980 नंतर पुणे जिल्ह्यातल्या आणि इतर भागांतल्या खेड्यांत फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. आज हा साठा एक लाखाच्या वर आहे. ओवी कुणी सांगितली, तिचं नाव काय, गाव कोणतं, हे सोबत लिहिलेलं आहे. 'पारी' नावाच्या संकेतस्थळावर त्यातल्या बऱ्याच ओव्या मोबाईलवर वाचता येतात, कित्येक तर त्या बायांच्याच आवाजात ऐकता येतात. गिरणी आली, दळणाचा त्रास वाचला, चांगलंच झालं. पण दळण थांबलं तशी ओवीही थांबली. ती ज्यांच्या तोंडी आहे त्या आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत.

आमच्या एका गटात एक आजी होत्या. बैठकीला बसल्या की भावाच्या, माहेराच्या ओव्या एकामागून एक सांगायच्या. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. त्यांच्या सुनेला आता दोनच ओव्या आठवतात, आणि त्यातल्या एकीची शेवटची ओळ निसटली आहे.

म्हणून माझं एक सांगणं आहे. आपल्या गटाकडे बचतीचं रजिस्टर आहे, कर्जाचं आहे, बैठकीचं आहे. त्यात आणखी एक शंभर पानी वही घाला. दर बैठकीत शेवटची दहा मिनिटं एका वडीलधाऱ्या बाईला द्या. ओवी असेल, रांगोळीचा ठिपका-रेघ असेल, हादग्याचं किंवा पंचमीचं गाणं असेल, गोधडीचा टाका असेल. आधी त्यांना विचारा, लिहून घेतलं तर चालेल का. त्या जशा बोलतात तसंच लिहा, पुस्तकी भाषेत सुधारून लिहू नका. बहिणाबाईंची गाणी सुधारून लिहिली असती तर त्या बहिणाबाई राहिल्या नसत्या. खाली त्यांचं पूर्ण नाव, गाव, वय आणि हे त्या कुणाकडून शिकल्या ते लिहा. घरातल्या मुलीकडून मोबाईलवर आवाज भरून घ्या.

आणि गोधडी विकायला काढली तर एका कोपऱ्यात शिवणारीचं नाव आणि साल दोऱ्याने घाला. चिलीतल्या त्या बायांना नाव घालायची सोय नव्हती. आपल्याला आहे.

येत्या बैठकीला वही घेऊन जा. पहिल्या पानावर कुणाचं नाव लिहायचं, ते आत्ताच तुमच्या मनात आलं असेल.