पाणी, तांबं आणि वाढते वॅट

२००९ साली कोर्सेअरचा एच५० बाजारात आला, तोपर्यंत डेस्कटॉपमध्ये पाणी खेळवणं हे खटपट्या लोकांचंच काम होतं. मत्स्यालयाचा पंप, मोटारीच्या हीटरमधून काढलेला रेडिएटर, बाजारात मिळेल ती नळी, आणि एखादा सांधा सुटला की मदरबोर्ड गेलाच. एच५०मध्ये हे सगळं कारखान्यातच भरून आणि सील करून येत असे. आतली रचना डेन्मार्कच्या असेटेक कंपनीची होती. प्रोसेसरवर बसणारी तांब्याची पट्टी आणि पंप एकाच ठोकळ्यात, तिथून दोन नळ्या, आणि १२० मिलिमीटरचा एक रेडिएटर. आजही विकले जाणारे बहुतेक सीलबंद कूलर याच आराखड्यावर चालतात. त्या आराखड्याच्या पेटंटवरून असेटेकने प्रतिस्पर्ध्यांना कोर्टात खेचलं आणि २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ज्युरीचा कौल आपल्या बाजूने मिळवला. काही कूलरमध्ये पंप रेडिएटरजवळ किंवा थेट नळीत का दिसतो, त्याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

२०११ मध्ये इंटेल आणि एएमडी या दोघांनीही आपल्या महागड्या प्रोसेसरसाठी असेटेककडून लिक्विड कूलर बनवून घेतले. गरज मात्र अजून थोड्यांचीच होती. त्या वर्षीचा लाडका आय७-२६००के ९५ वॅटचा होता आणि चांगल्या एअर कूलरवर निवांत चालायचा. एएमडीचा २०१३चा एफएक्स-९५९० तेवढा २२० वॅटचा, आणि तो अपवादच मानला गेला.

त्या काळात खरी अडचण होती ती झाकणाखाली. २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून इंटेलने चिप आणि धातूचं झाकण यांमध्ये डाखाऐवजी साधी थर्मल पेस्ट घातली. मग बाहेर कितीही मोठा रेडिएटर लावा, उष्णता झाकणापर्यंत येतानाच अडायची. लोक झाकण उचकटून आत लिक्विड मेटल भरू लागले, आणि दोन-तीनशे डॉलरच्या प्रोसेसरला ब्लेड लावायला लागावं यात कंपनीची बचत सोडून कुणाचंच भलं नव्हतं. २०१८ च्या आय९-९९००केमध्ये डाख परत आला. कूलर निवडताना मी आजही आधी हेच विचारतो : या प्रोसेसरमधली उष्णता नेमकी कुठे अडते?

२०१७ च्या थ्रेडरिपरने हा प्रश्न वेगळ्या बाजूने पुढे आणला. त्याचं झाकण एवढं मोठं की नेहमीची गोल पट्टी त्यावर ठेवली तर कडा उघड्या राहत. एएमडी खोक्यात असेटेकच्या कूलरसाठी ब्रॅकेट देत होती, तरी पूर्ण झाकण व्यापणारी रुंद पट्टी घेतलेली बरी, हे लवकरच सर्वांच्या लक्षात आलं. २०१९ मध्ये सोळा कोअरचा रायझन ९ ३९५०एक्स आला तो कूलरशिवाय. किमान २८० मिलिमीटरचा लिक्विड कूलर घ्या, अशी एएमडीचीच शिफारस होती.

त्यानंतर वॅट झपाट्याने वाढले. आय९-१०९००केची अल्पकालीन मर्यादा २५० वॅट, १३९००केची २५३. २०२२ च्या रायझन ९ ७९५०एक्सवर १७० वॅट छापलेले, पण सॉकेटमधून तो २३० वॅटपर्यंत ओढू शकतो. हा प्रोसेसर भर कामात ९५ अंशांवर जाऊन थांबतो. नवा ३६०चा कूलर बसवून पडद्यावर ९५ पाहिल्यावर अनेकांना वाटलं, कूलर खराब निघाला. तसं नव्हतं. तापमान ९५ला पोचेपर्यंत वेग वाढवत राहायचं, अशीच त्याची घडण आहे. चांगल्या कूलरचा फरक तिथे अंशांत दिसत नाही, मेगाहर्ट्झमध्ये दिसतो. आधीच्या दहा वर्षांत कूलर जोखायची आपली जी रीत होती, ती या एका पिढीने निकामी केली.

इथे एक साधा हिशेब मांडून पाहावा. मिनिटाला एक लिटर पाणी २५० वॅट उचलत असेल, तर पट्टीतून जाताना ते जेमतेम साडेतीन अंशांनी तापतं. म्हणजे पाणी कमी पडत नाही. पण ७९५०एक्सची उष्णता मुख्यतः दोन चिपलेटमधून निघते, आणि एकेक चिपलेट सुमारे ७० चौरस मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाएवढा. त्यावर झाकणही जाड, कारण जुने एएम४ कूलर चालावेत म्हणून उंची तीच ठेवली. शिवाय चिपलेट झाकणाच्या मध्यावर नसतात, एका कडेला असतात. म्हणून पट्टी सात-आठ मिलिमीटर त्या बाजूला सरकवणारे ब्रॅकेट आले, आणि तेवढ्यानेच एक-दोन अंश उतरू लागले. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये तर खटक्याच्या दाबाने झाकणच किंचित वाकायचं. त्यावर स्वस्तातली काँटॅक्ट फ्रेम हा उपाय निघाला. रंगीत पडदा असलेल्या पंपासाठी मोजायचे जास्तीचे हजारो रुपये अशा ठिकाणी घातले असते तर सार्थकी लागले असते, असं माझं ठाम मत आहे.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले प्रोसेसर अकाली बिघडत असल्याचं २०२४ मध्ये गाजलं. मूळ कारण वाढीव व्होल्टेज होतं. इंटेलने मायक्रोकोड बदलला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. त्या बिघाडाला उत्तम कूलरही पुरा पडला नसता. तेव्हापासून पॉवर लिमिट आधी आणि कूलर नंतर, हा क्रम पुष्कळांनी स्वीकारला. ७९५०एक्स बायोसमधून १०५ वॅटच्या इको मोडवर टाकला तर कामाचा वेग थोडाच घटतो, आणि २४०चा रेडिएटर पुरतो.

सीलबंद कूलर एकदा उघडून पाहण्यासारखा असतो. तांब्याच्या पट्टीवर केसाएवढ्या फटींचे पंख कोरलेले असतात, आणि गाळ साचतो तो नेमका या फटींत. रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचा, पट्टी तांब्याची. दोन धातू एकमेकांना खाऊ नयेत म्हणून द्रवात रसायन मिसळलेलं असतं, त्यामुळे नळाचं किंवा बोअरचं पाणी आत टाकणं म्हणजे गंज ओढवून घेणं. रबरी नळीतून वर्षानुवर्षं थोडं पाणी उडत राहतं, आत हवा जमते. ही हवा पंपात अडकू नये म्हणून रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा. पाच-सहा वर्षांनी कूलर बदलायचा, हा खर्च सुरुवातीलाच धरून चालावं. मोठ्या एअर कूलरमध्ये बिघडण्यासारखा फक्त पंखाच असतो, त्यामुळे नुसतं गेमिंग करणाऱ्याला मी अजूनही तोच सुचवतो.

रात्रभर रेंडरिंग करणाऱ्यांची गोष्ट निराळी, आणि नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात तर अधिकच. कूलर कुठलाही असो, खोलीच्या हवेपेक्षा थंड तो करू शकत नाही. खोली ४० अंशांवर असली आणि द्रव तिच्यापेक्षा पंधरा अंशांनी वर राहिला, तर तो ५५ला पोचतो. साठाच्या वर द्रव जाऊ नये, असं बरेच उत्पादक सांगतात. पुण्याच्या जानेवारीत घेतलेल्या चाचणीचे आकडे तिथे उपयोगाचे नाहीत. तिथल्या माणसाने ३६०चा रेडिएटर घ्यावा, तो कॅबिनेटच्या छताला लावावा, चाचणी किमान अर्धा तास चालवावी कारण द्रव तापायला वेळ लागतो, आणि उन्हाळ्यापुरती वॅटची मर्यादा खाली आणावी.